हूं म्हणजे हो नव्हे

आमच्या गावात एका ओट्यावर ‘हूं’ म्हणायला बंदी होती.

ओटा आपरेटर आबांचा. तरुणपणी ते तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. गावाने तो शब्द आपल्या जिभेप्रमाणे वाकवून घेतला आणि माणसाचं खरं नाव विसरून गेलं. मला ते मतदार यादीत सापडलं, तर कुणा परक्या माणसाचं वाचल्यासारखं वाटलं. मांजरसुंब्याहून आत वळलं की डोंगराच्या अंगाला आमचं गाव लागतं. तिथे आजही फक्त आपरेटर म्हणा, लहान पोर तुम्हाला त्या ओट्यापाशी नेऊन सोडेल.

त्यांच्या बोलण्याला कुणी ‘हूं’ केलं की ते जागच्या जागी थांबायचे. “हूं काय बे? हो म्हण, न्हाई म्हण, न्हाईतर कळलं न्हाई म्हण. हूं तर म्हस बी करती.”

आमच्याकडे हे म्हणजे श्वास घेऊ नको म्हटल्यासारखं. आमच्या भागात कुणी काही सांगत असेल तर ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. नाही दिला तर सांगणाऱ्याला वाटतं, हा एकतर झोपला किंवा रुसला. त्यामुळे आबांच्या ओट्यावर येणारे लोक ओठ दाबून, लाल होऊन ऐकत बसायचे.

दुसरं खूळ तीन मिनिटांचं. ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरमार्फत परगावी लावायचा फोन, तीन मिनिटांचा असायचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये पडून विचारायचा, पुढे बोलायचं का? नोकरी सुटली, ट्रंक कॉल संपले, पण आबांच्या डोक्यातलं घड्याळ चालूच राहिलं. स्वतः बोलत असले तरी तीन मिनिटांनी उठायचे. निरोप घेताना राम राम नाही, येतो नाही. “ठेवतो” म्हणायचे आणि चालू लागायचे. एकदा मोठे पुढारी गावात आले होते. त्यांचं भाषण रंगात आलेलं, आणि आबा गर्दीतून उभे राहिले. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, “तीन मिनिटं झाली. पुढं बोलायचं का?” पुढारी इतके गोंधळले की “हो” म्हणाले. आबा म्हणाले, “बरं, बोला,” आणि बसले. लोक इतके हसले की पुढचं भाषण कुणालाच ऐकू आलं नाही.

मी पत्रकांवर वाढले असं मी लोकांना सांगते, त्यामागे आबाच आहेत. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊस तोडायला जायचं, अजूनही जातं. माझे आई-अण्णाही जायचे. मी चुलतीकडे राहायचे आणि शाळा सुटली की आबांच्या ओट्यावर. त्यांच्याकडे पत्र्याची पेटी होती. गावात जीपमधून उधळलेलं, पारावर चिकटवलेलं, पेपरात घालून आलेलं प्रत्येक पत्रक तिच्यात असायचं. निवडणुकीचं, बियाण्यांचं, मूळव्याधीच्या औषधाचं, मोर्चाचं. मी ते मोठ्याने वाचायचे. वाचून झालं की आबा नेहमी एकच विचारायचे, “कोण बोलतंय? आन कुणाला इचारून?”

मूळव्याधीच्या पत्रकावर लिहिलेलं असायचं, ‘लाखो रुग्णांचा विश्वास’. मी म्हणायचे, कुणालाच नाही विचारलं. आबा खूश व्हायचे आणि शेंगदाणे द्यायचे.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बीडला एम.ए. करत होते आणि पत्रकं आता वाचण्याऐवजी लिहू लागले होते. गावातून चुलतीचा फोन आला, “अगं, पंचायतीच्या फळ्यावर कागद लावलाय, स्थळ पाहणीचा. बायका इचारायल्या, कुणाच्या पोरीला बघायला येणार हायत?”

मी गावी गेले. कागद खरा होता. ‘स्थळ पाहणी’ असंच लिहिलं होतं. बाकीचा मजकूर असा की तिसऱ्या ओळीला डोळे मिटावेत. कुठल्याशा खात्याला अणुभट्टीतला जळून उरलेला कचरा खडकात खोल पुरण्यासाठी जागा शोधायची होती, आणि त्यांच्या यादीत आमचा गायरानाचा माळ होता. आबा त्या फळ्यासमोर उभे होते. एक म्हातारी त्यांना म्हणाली, “आपरेटर, पोरगी कुणाची हो?”

“गावाची,” आबा म्हणाले. “आन पोरीला इचारायचं राहिलंय.”

त्याआधीच माळावर बोअरची गाडी येऊन गेली होती. खडक तपासायला आलेली. पण आमच्याकडे बोअरची गाडी आली की माणसाला एकच कळतं, पाणी. लोक धावत गेले, बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. खात्याच्या माणसाने त्याचा फोटो काढला. पुढे अहवालात तो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘ग्रामस्थांनी केलेले स्वागत’.

मग माहिती द्यायला पुण्याहून खात्याच्या मॅडम आल्या. शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. त्यांनी चित्रं दाखवून सगळं सांगितलं. कचरा काचेत वितळवून मिसळायचा, काच पोलादाच्या डब्यात, डबा खडकात, खडक जमिनीच्या पोटात खोल. मी मागे उभी होते. त्या कामात खोटं बोलायची वेळ कमी येत नाही, पण मॅडम खोटं बोलत नव्हत्या हे मला मान्य करावं लागेल. त्या गोष्ट सांगावी तसं सांगत होत्या. आणि गोष्ट चांगली सांगितली की आमचं गाव काय करतं? समोर भजनी मंडळातले म्हातारे बसले होते, साऱ्या पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हुंकार कुणाचा नाही. एक वाक्य झालं की “हूं”. दुसरं झालं की “हूंऽऽ”. मॅडमना वाटलं असेल, असं समजूतदार गाव जन्मात बघितलं नाही.

महिन्याने त्या सभेचा अहवाल पंचायतीत आला. ‘उपस्थित ग्रामस्थांनी प्रत्येक मुद्द्यास होकार दिला.’ आता सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत फक्त ठराव करायचा राहिला होता. आबांनी अहवाल मागून घेतला, लाल पेनने ‘होकार’ या शब्दाभोवती गोल केला आणि वर लिहिलं, ‘हुंकार’. सरपंच म्हणाले, “आबा, सरकारी कागद खराब केला तुमी.”

“मी दुरुस्त केलाय,” आबा म्हणाले.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं आणि तिथेच व्हरांड्यात ग्रामसभा बसली. मॅडमही आल्या होत्या. सरपंचांनी ठराव वाचायला घेतला, तसे आबा उठले.

“मला तीन मिनिटं पायजेत. म्याडम, तुमाला एक गोष्ट सांगू का?”

“सांगा ना,” मॅडम म्हणाल्या.

आबा त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. आयुष्यभर डाव्या कानाला हेडफोन लावला होता. महत्त्वाचं बोलणं ते समोरच्याच्या डाव्या कानाशीच करायचे. “परवा मी पुण्याला गेलतो.”

“हूं,” मॅडम म्हणाल्या.

“तुमच्याच गल्लीत. लई चांगली गल्ली हाय.”

“हूं.”

“तुमचं अंगण बघितलं. जास्वंदीच्या बुडाला जागा हाय.”

“हूं…”

“म्हणलं, हितं आपला एक डबा पुरावा. कुणाला तरास न्हाई. आपली नातवंडं बी बघत्याल त्याला.”

मॅडम हसू लागल्या होत्या, पण सवयीने “हूं” निघालाच.

“लिवून घ्या सरपंच,” आबा उठून म्हणाले. “म्याडमनी चार मुद्द्यांस होकार दिला.”

सगळा व्हरांडा हसला. भजनी मंडळातले म्हातारे तर उपरण्याने डोळे पुसत होते. मॅडमही हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी आपल्याच अहवालाचं पान उघडलं आणि ‘होकार’ या शब्दावर बोट ठेवलं.

“माझी चूक झाली,” त्या म्हणाल्या. “मला खरंच वाटलं, ते हो म्हणतायत.”

सरपंच म्हणाले, “बरं, मग आज इचारू. हात वर करा म्हणजे झालं.”

“कुणाचे हात?” आबांनी विचारलं. “अर्धे हात उसात हायत.”

“त्यांच्यावाचून गावाचं काम अडतंय का आबा? कोरम तर झालाय.”

तेव्हा आबांनी पीपीची गोष्ट काढली. ट्रंक कॉल दोन प्रकारचे. साधा कॉल कुणीही उचलला तरी लागला. पण पीपी कॉलमध्ये माणसाचं नाव सांगितलेलं असायचं. तोच माणूस फोनवर आला तर कॉल लागला, नाहीतर नाही. बायको आली, भाऊ आला, गावचा पाटील आला तरी चालत नसे. “ह्यो कॉल पीपी हाय,” आबा म्हणाले. “दर माणसाच्या नावानं आलाय. त्यो माणूस लाईनवर येईस्तोवर जोडता येत न्हाई.” आणि घड्याळ बघून, “तीन मिनिटं झाली,” म्हणून खाली बसले.

मॅडम म्हणाल्या, मी फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबते. बाहेर गेलेल्यांचं म्हणणं लेखी आणा, मी ते हिशेबात धरीन. सरपंचांनी कपाळाला हात लावला. ऊसतोडीच्या टोळ्या कुठे कुठे पांगलेल्या असतात ते त्यांना माहीत होतं. आबांनाही माहीत होतं. त्यांचे गुडघे गेले होते. पण पंच्याहत्तरी उलटल्यापासून एसटी फुकट होती, आणि आबांच्या मते ती सोय सरकारने याच कामासाठी केली होती.

मी त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं आणि बीडहून पत्रकं छापून आणली. चांगला दोन हजारांचा गठ्ठा. मथळा मीच लिहिला होता: ‘अणुकचऱ्याला सगळ्या गावाचा एकमुखी नकार!’ मोठ्या अभिमानाने आबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून एक पत्रक वाचलं. शाळेतल्या पोरीला विचारायचे त्याच आवाजात विचारलं, “कोण बोलतंय? आन कुणाला इचारून?”

“आबा, नकारच येणार आहे.”

“मग आपुन कशाला चाललोत?”

मी म्हणाले, ते लोक फसवतात, त्यांच्याशी असंच लढावं लागतं. आबा म्हणाले, “त्यांनी हूं चं हो केलं. तू हूं बी न ऐकता न्हाई करायलीस. तुझी चोरी मोठी हाय पोरी.” मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आबांनी गठ्ठा उलटा केला. “मागची बाजू कोरी हाय. ही चांगली केलीस. हिच्यावर लिवून घेऊ.”

अशी आम्ही निघालो. पत्रकांचा गठ्ठा, अहवालाची प्रत, शाईचं पॅड आणि आबांची पाण्याची बाटली. दहा दिवस, सहा टोळ्या. उसाच्या फडात जेवायला बसलेल्या लोकांसमोर मी अहवाल वाचायचे. आबा सांगायचे, हुंकार देऊ नका, मध्येच अडवा. मग एकेकाला विचारायचे आणि त्याचा शब्द जसाच्या तसा कागदावर. एका गड्याने विचारलं, “पर आबा, तुमचं काय मत हाय?” आबा म्हणाले, “आपरेटरला मत नसतंय. आपरेटर लाईन जोडतंय.”

माझ्या आई-अण्णांची टोळी कोल्हापूरकडे होती. मी मनात धरून चालले होते की निदान इथे तरी मला लाज आणणारं काही घडणार नाही. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं, भाकरी संपवली आणि म्हणाले, “माझं हो.”

“अण्णा!”

“अगं, त्या माळावर काय उगवतंय? डबे पुरले तर रस्ता हुईल, कायतरी काम निघंल. आपल्याला हितं यायची पाळी येणार न्हाई. मला कंटाळा आलाय ह्या उसाचा.”

“आबा, ते चुकतायत. त्यांना सांगा.”

“लिव,” आबा म्हणाले.

“पण ते…”

“चुकू दे. त्याचं हाय ते. लिव.”

मी लिहिलं. माझ्याच ‘एकमुखी नकारा’च्या पाठीवर, माझ्याच अक्षरात, माझ्या बापाचा होकार. अण्णांनी सही केली. हात उसाच्या पाचटाने चिरलेला होता आणि सही शाळेतल्यासारखी वळणदार होती.

मग आईची पाळी. आई मोळी बांधता बांधता म्हणाली, “तुमी जाणते हाव मामा. तुमी म्हणताल तसं लिवा.”

“लाईन खराब हाय,” आबा म्हणाले. “परत सांग, सूनबाई.”

“मंजे पोरगी म्हणती तसं.”

“अजून खराब हाय.”

आईने मोळी सोडून दिली. खाली बसली, पाणी प्यायली. तिला आयुष्यात कुणी एवढा वेळ दिला नव्हता, आणि मी हे माझ्यासकट म्हणते. तिने विचारलं, “त्यो डबा तिथं किती दिस ऱ्हाईल?”

आबांनी अहवालातलं वाचून दाखवलं. हजारो वर्षं.

“मंजे त्यो बारा म्हैने तिथं आन आमी सा म्हैने हितं,” आई म्हणाली. “मग गाव त्याचं का आमचं? न्हाई. माझं न्हाई हाय. मोठ्या अक्षरात लिव गं.”

अण्णा हसले. “बघा, घरातच फूट पाडली आपरेटरनं.” आई म्हणाली, “तुमी तुमचं सांगितलं की. मी काय बोलले का मधी?” दोघं उठली आणि एकाच फडात शेजारी शेजारी ऊस तोडू लागली.

परतीच्या एसटीत मी आबांशी बोलत नव्हते. दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्या डाव्या कानावर पडत होतं. त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली.

एक्स्चेंजमधली गोष्ट. शहरातल्या दवाखान्यातून एका खेड्यात फोन होता. तरुण मुलगा अपघातात सापडलेला. डॉक्टर विचारत होते, पाय काढावा लागेल, काढू का? लाईनवर नुसती खरखर. दोघांना एकमेकांचं ऐकू येईना, तेव्हा ऑपरेटर मध्ये राहून इकडचं तिकडे सांगायचा. आबांनी मुलाच्या बापाला प्रश्न सांगितला. तिकडून आवाज आला, “हूं.” आबांनी डॉक्टरांना सांगितलं, “हो म्हणतायत.” पुढे काही महिन्यांनी तो बाप एक्स्चेंजमध्ये आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, “सायेब, मी हो कुठं म्हणलो? मी ऐकत हुतो.”

“पाय कदाचित काढावाच लागला असता,” आबा म्हणाले. “डाक्टर चांगला हुता. पर त्या बापाला कुणी इचारलं न्हाई. मी इचारलं न्हाई.”

त्या दिवशी ते तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलले आणि त्यांच्या ध्यानात आलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा ग्रामसभा झाली. जे गावात होते त्यांना नाव पुकारून विचारलं. जे नव्हते त्यांचे कागद मॅडमनी स्वतः, एकेक करून, मोठ्याने वाचले. अण्णांचा होकारही वाचला आणि आईचं वाक्यही. ‘मग गाव त्याचं का आमचं?’ हे त्यांनी दोनदा वाचलं. भजनी मंडळातले म्हातारे समोरच होते. एकाच्याही तोंडून हुंकार निघाला नाही. त्यांच्या नावाचा पुकारा झाला तसे ते उभे राहिले आणि ज्या आवाजाने साऱ्या पंचक्रोशीला हुंकार दिला त्या आवाजात म्हणाले, “न्हाई!” पत्र्यावरची कबुतरं उडाली.

हो म्हणणारे दोन बाकांवर मावले असते. मॅडमनी अहवालात लिहिलं, ‘गावाची संमती नाही’, आणि खाली सही करण्यापूर्वी ते वाक्य गावाला वाचून दाखवलं.

सगळ्या कागदांत एक कागद आबांचाही होता; गावात असूनही त्यांनी आपलं म्हणणं लिहूनच दिलं होतं. मी तो हळूच काढून बघितला होता. अहवाल त्यांनी अकरा वेळा वाचला होता. कागदावर लिहिलं होतं, ‘अजून पुरतं कळलं नाही.’ तेव्हा मी चिडले. एवढं रान उठवून हे काय? आज मला त्या कागदाचा जितका अभिमान वाटतो तितका मी छापलेल्या एकाही पत्रकाचा वाटत नाही. गावाला बोलतं करणारा माणूस स्वतःला कळलं नाही असं सहीनिशी लिहून देतो, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. जिथे गावं एका हाताच्या इशाऱ्यावर विकली जातात, जिथे कोऱ्या पानावर आधी सह्या घेऊन मग वर ठराव लिहितात, त्या माझ्या जिल्ह्यात हे घडलं. मी ते छाती पुढे काढून सांगते.

माळावरच्या बोअरला आता लोखंडी झाकण आहे. गुराखी त्याच्यावर बसून भाकरी खातात. खात्याने दुसरं गाव बघितलं असेल. त्या गावाने हो म्हटलं असेल तर तेही चालेल. त्याला विचारलं असेल एवढीच माझी मागणी आहे.

आबा गेल्या श्रावणात गेले. आदल्या संध्याकाळी मी त्यांना ओट्यावर भेटले होते. उठताना “ठेवतो” म्हणाले. रोजच म्हणायचे, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही.

परवा आईचा फडातून फोन आला. मी टेबलाशी बसून लिहीत होते, अर्धं लक्ष कागदात. आई सांगत होती, कडा गावचं एक स्थळ आलंय, घरचे चांगले आहेत, पोरगा मास्तर आहे. मी म्हणाले, “हूं.”

आई थांबली. मागे उसावर कोयत्याचा आवाज येत होता.

“हूं काय गं? हो का न्हाई?”

मी पेन खाली ठेवलं. “नाही, आई.”

“बरं,” आई म्हणाली. “तसं कळवते त्यांना. ठेवते.”